पाटी, पट्टी आणि पावती : पाथर्डी फाट्याकडील एका गॅरेजचा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्यावरून अंबड औद्योगिक वसाहतीकडे जाताना गॅरेजांची जी दाटी लागते, तिच्यातील एका गॅरेजमध्ये मी गेली तीन वर्षे माझी गाडी नेतो. गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. कंपनीची वॉरंटी संपल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून मी इकडे आलो आणि मार्च महिन्यापर्यंत त्याचा पश्चात्ताप करण्याची वेळ आली नव्हती. मार्चमध्ये जे घडले त्यात कोणाची चूक किती आणि खर्च कोणी किती उचलायचा, यावर गॅरेजच्या शेठशी माझा दोन दिवस वाद झाला. तो समोरासमोर बसून मिटला, म्हणून गॅरेजचे नाव येथे देत नाही. पण त्या वादात जे कळले ते गाडी असणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी वार्षिक सर्व्हिसिंग करून घेतले. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), एवढी कामे झाली. जॉबकार्डावर, म्हणजे केलेली कामे नोंदण्याच्या गॅरेजच्या कागदावर, कूलंटच्या रकान्यात ‘बदलले’ एवढाच शब्द होता. गाडी संध्याकाळी सहाला सांगितली होती, ती पावणेसहालाच धुऊन पुसून तयार होती. या गॅरेजची ही खरी जमेची बाजू आहे, कारण दिलेली वेळ पाळणारे गॅरेज मला तरी नाशिकमध्ये दुसरे भेटलेले नाही.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी डोंबिवलीहून परतताना, कसारा घाटाच्या चढावर, डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. मागे ट्रकची रांग, डावीकडे थांबण्याजोगी जागा नाही आणि दुपारचे अडीच वाजलेले. थांबायचे की माथ्यापर्यंत रेटायचे, या विचारातच मी दोन-अडीच किलोमीटर गाडी तशीच चालवली. जागा सापडली तोवर बॉनेटखालून वाफ येत होती. तेथून टो व्हॅनने गाडी गॅरेजपर्यंत आणण्याचे चार हजार रुपये मोजले आणि इगतपुरीपासून नाशिकपर्यंत चालकाशेजारी बसून स्वतःला दोष देत आलो. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी पाहण्याची सळई, मी तेव्हाच पाहिली होती. तिच्यावरचे ऑइल दुधाळ चहासारखे झाले होते आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता : ऑइलमध्ये कूलंट मिसळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठने मला स्वतः बोलावून गाडीखाली टॉर्च मारला. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप तोटीवरून निसटून लोंबत होता. त्या तोटीला टोकाशी एक गोल उंचवटा असतो. पाइप घट्ट धरणारी पट्टी उंचवट्याच्या पलीकडे, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला, आवळली तर आतला दाब वाढला तरी पाइप सहसा सुटत नाही. शेठने पाइपाचे टोक पुसून माझ्या हातात दिले. रबरावर पट्टीचा ठसा अगदी कडेला, उंचवट्याच्या अलीकडे उमटलेला होता. कूलंट काढण्यासाठी हाच पाइप सोडवतात आणि परत बसवतात. शहरातल्या चालण्यात ती पट्टी कशीबशी तग धरून राहिली. घाटात इंजिन तापले, दाब वाढला आणि पाइप बाहेर पडला. शेठने मिस्त्रीकडे पाहिले, मिस्त्रीने जमिनीकडे. ‘ही चूक आमची आहे, सर,’ असे शेठ म्हणाले. हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकायला मिळणे किती दुर्मीळ आहे, हे गाडीवाल्यांना सांगायला नको.

पण पुढचे वाक्य लगेच आले. ‘दिवा लागल्यावर गाडी किती चालवली?’ मी खरे ते सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, पाइप आणि कूलंट त्यांचे. पण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा यांमधील सील, गेले ते मी तापलेली गाडी चालवली म्हणून, आणि लाल दिवा लागताच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा, असे गाडीच्या पुस्तकातच लिहिलेले असते. मी म्हणालो की पाइप निसटला नसता तर दिवाच लागला नसता, आणि घाटात सुरक्षित जागा हवी तेव्हा मिळत नाही. मग त्यांनी मला खरोखर अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला, ‘बॉनेटखालची कूलंटची बाटली मधल्या दिवसांत एकदा तरी पाहिली होती का?’ पाहिली नव्हती. उलट इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली दोन-तीनदा ओल दिसली होती आणि ती एसीच्या पाण्याची असे समजून मी चपलेने पुसून टाकली होती. एसीचे पाणी नुसते पाणी असते. कूलंट रंगीत आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागते. खाली वाकून बोट लावले असते तर फरक तेव्हाच कळला असता.

म्हणजे चुका दोन होत्या आणि त्या एकापाठोपाठ एक घडल्या होत्या. माझे मत असे की पहिली चूक ज्याची, त्याच्यावर खर्चाचा मोठा वाटा यावा, कारण दुसरी चूक पहिलीच्या पोटातून जन्मली. शेठचे मत वेगळे होते. त्यांच्या लेखी, ज्या नुकसानीपासून वाचण्याची संधी मालकाला होती, ते नुकसान मालकाचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे मी आता कबूल करतो. तेव्हा केले नव्हते.

बिलाचा तपशील देतो, कारण अशा वादात आकड्यांवाचून बोलणे व्यर्थ असते. गॅस्केट किट 4,200 रुपये, हेडचे बोल्ट 1,400, पाइप आणि पट्टी 950, कूलंट 1,300, इंजिन ऑइल आणि फिल्टर 2,900, लेथवर हेड फेसिंगचे, म्हणजे हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेण्याचे, 2,500, मजुरी 8,500. शिवाय इंजिन खोललेच आहे तर बदलून घ्या, म्हणून सुचवलेला इंजिनचा पट्टा (बेल्ट) 1,100 आणि इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसते तो रबरी आधार, 2,400. एकूण 25,250 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 29,795. सुट्या भागांवर आणि मजुरीवर आता एकच दर आहे. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी बहुतेक भागांवर 28 टक्के लागत, तेव्हा हेच बिल आणखी फुगले असते.

पट्टा आणि माउंटिंग यांवर वाद नव्हता. सात वर्षांत रबर झिजते, ती मालकाची बाब आहे. माउंटिंगची भेग मला दाखवली, जुना भाग डिकीत ठेवून दिला आणि मी पैसे दिले. ऑइलवर मात्र मी अडून बसलो. तेवीस दिवसांपूर्वी याच गॅरेजमध्ये भरलेले ऑइल कूलंट मिसळल्यामुळे फेकून द्यावे लागत असेल, तर त्याचे पैसे दुसऱ्यांदा मी का द्यावेत? शेठने हे मानले. शेवटी मजुरी, पाइप, कूलंट आणि ऑइल-फिल्टर मिळून 13,650 रुपये त्यांनी सोडले. गॅस्केट किट, बोल्ट, लेथचे काम, पट्टा आणि माउंटिंग यांचे करासह 13,688 रुपये मी भरले. टो व्हॅनचे चार हजार माझ्याच अंगावर पडले. ते गॅरेजने द्यायला हवे होते असे मला आजही वाटते, कारण दिवा लागताक्षणी थांबलो असतो तरीही निसटलेल्या पाइपाची गाडी टो करूनच आणावी लागली असती. शेठकडे याला उत्तर नव्हते, तरीही त्यांनी ते पैसे दिले नाहीत.

वादाच्या पहिल्या दिवशी शेठने भिंतीवरच्या पाटीकडेही बोट दाखवले होते. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर सोडावी’ अशी पाटी नाशिकच्या बहुतेक गॅरेजमध्ये असते आणि तिला आपण उगाच घाबरतो. दुरुस्तीला सोडलेली गाडी ही कायद्याच्या भाषेत विश्वासाने ताब्यात दिलेली वस्तू असते, आणि सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी तिची घेणे, हे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 नुसार गॅरेजवर बंधनकारक आहे. चुकीच्या जागी आवळलेली पट्टी पाटीआड लपवता येत नाही. दुसरीकडे, केलेल्या कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कलम 170 ने गॅरेजलाही दिला आहे, तेव्हा मालकाला नुसता आवाज चढवून गाडी बाहेर काढता येत नाही. समेट झाला नसता तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता आली असती. मोबदला, म्हणजे सेवेसाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्कही लागत नाही, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यासाठी हातात पक्की पावती असलेली बरी. पावती न देणे हीच या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. ‘कच्चे बिल चालेल का, सर, जीएसटी वाचेल’ हा प्रश्न येथेही विचारला जातो. फेब्रुवारीत मी नाही म्हणालो होतो. हो म्हणालो असतो, तर कूलंट याच गॅरेजने बदलले, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही उरले नसते.

विम्याचा येथे उपयोग नाही. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज धरलेली नसते.

गॅरेजबद्दल माझे मत विचाराल तर, पाचपैकी साडेतीन. हाताखालचे मिस्त्री कुशल आहेत, हेडचे काम नेटके झाले आहे आणि त्यानंतर गाडी दोनदा घाट चढून आली तरी कूलंटची पातळी रेषेवरून हललेली नाही. अर्धा गुण टो व्हॅनचा कापला. उरलेला एक जॉबकार्डाचा, कारण ‘बदलले’ या एका शब्दात पाइप कोणी सोडवला, कोणी बसवला आणि बसवल्यावर कोणी पाहिला, यातले काहीच कळत नाही. मी सुचवल्यावर शेठने तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना छापून घेतला आहे. परवा तो भरलेलाही पाहिला, मात्र सर्व कार्डांवर सही एकाच पेनाची आणि बहुधा एकाच वेळी केलेली होती. काम मोठे असेल तर शनिवारी गाडी नेऊ नये. त्या दिवशी तीन मिस्त्री आणि अकरा गाड्या असतात, आणि माझे सर्व्हिसिंगही शनिवारीच झाले होते.