ग्रंथपालांनो, स्वयम की स्पोकन ट्युटोरियल?

1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर जपणाऱ्या कोल्हापुरात ग्रंथालय सेवकांनी घरबसल्या शिकायचं कुठून?

'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचे कोर्स मोफत. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. मात्र असाइनमेंटच्या तारखा ठरलेल्या. संध्याकाळची गर्दी आवरून घरी जाणाऱ्याला ते जड जातं. कागद हवाच असेल तर हा मार्ग धरा.

मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये कोहा या ग्रंथालयाचं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर छोटे व्हिडिओ आहेत. थोडं बघायचं, थांबवायचं, लगेच स्वतःच्या संगणकावर करायचं. कोहा मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचा खर्च नाही. सरावासाठी डेटाबेस मात्र वेगळा ठेवा. चालू नोंदींना हात लावू नका. कागल-गारगोटीकडे एकट्यानं वाचनालय सांभाळणाऱ्याला मी आधी हेच सुचवेन. शंभरेक पुस्तकांच्या नोंदी स्वतः केल्या की कॅटलॉगिंग हातात बसतं.