अंगानं लहान, खेळानं भारी: असा डिफेन्सिव्ह टॅकल पहिल्या फेरीत घ्यावा का?

एप्रिल उजाडला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टआधी (संघ पाळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट) हा वाद ठरलेला. कॉलेजात समोरच्यांना सळो की पळो करून सोडणारा एक डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत मधे उभा राहणारा खेळाडू, असतो, उंची सहा फूट एखाद इंच, वजन 280 ते 290 पाउंड. यादीत त्याच्या खालीच दुसरं नाव असतं, 6 फूट 5 इंच, 320 पाउंड. या दुसऱ्याचा खेळ यथातथाच, पण ‘घडवला तर कुठच्या कुठे जाईल’ असं सगळे म्हणत असतात. तुमच्या संघाची पाळी आली. कोणाला घ्यायचं?

माझं मत आधीच सांगतो: पहिल्याला. पण एका अटीवर, आणि ती अट खेळाडूपेक्षा तुमच्या संघालाच जास्त लागू आहे.

8 मे 2014 ची रात्र आठवा. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ड्राफ्ट चालू होता आणि सेंट लुइस रॅम्सकडे पहिल्या फेरीत दोन पिक, म्हणजे निवडीच्या दोन पाळ्या, होते. दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ऑबर्नचा ग्रेग रॉबिन्सन घेतला: 6 फूट 5 इंच, 332 पाउंड, आणि एवढा देह घेऊन 40 यार्ड पाच सेकंदांच्या आत पळणारा. तेराव्या क्रमांकावर घेतला पिट्सबर्ग विद्यापीठाचा आरन डॉनल्ड: 6 फूट 1 इंच, 285 पाउंड. रॉबिन्सन ऑफेन्सच्या रांगेतला आणि डॉनल्ड डिफेन्सच्या, म्हणजे जागा वेगळ्या, हे मान्य. पण संघ तोच, रात्र तीच. एकाकडे देह होता आणि खेळ पुढे येईल अशी आशा होती. दुसऱ्याचा खेळ सगळ्यांनी पाहिलेला होता, शंका फक्त देहाची होती. तीन मोसमांनंतर रॅम्सनी रॉबिन्सनला सहाव्या फेरीतल्या एका पिकच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकलं. डॉनल्ड दहा मोसम त्याच संघात राहिला. 111 सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, रेषेमागेच पाडलं की एक सॅक), दहाही वर्षं प्रो बोल या मानाच्या संघात निवड, आणि 2017, 2018 व 2020 मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावपटू.

आणि त्याच्याबद्दल कोणाला माहिती नव्हती असंही नाही. 2013 च्या मोसमात 28.5 वेळा त्यानं चेंडूवाल्याला डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागेच लोळवलं होतं, 11 सॅक घेतले होते, आणि आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक हे बचावपटूंना मिळू शकणारे चारही मोठे पुरस्कार घरी नेले होते. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, तो 40 यार्ड 4.68 सेकंदांत पळाला आणि 225 पाउंडांचा बेंच प्रेस 35 वेळा मारला. तरी त्याच्याआधी बारा नावं पुकारली गेली. 285 पाउंड म्हणजे 129 किलो. आपल्याकडे असा माणूस दारातून आत आला तर बसलेले लोक सरकून जागा करतील. पण तिथे समोर ऑफेन्सच्या रांगेत उभे असलेले गार्ड 140 ते 150 किलोंचे असतात, आणि कित्येकदा एकाला अडवायला दोघे मिळून येतात.

त्याच मोसमात पिटचा, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाचा, एक सामना मी अगदी खालच्या रांगेत बसून पाहिला. टीव्हीवर चेंडूच्या मागे कॅमेरा धावतो, त्यामुळे रांगेतला माणूस नीट दिसतच नाही. तिथून दिसला. एक हात गवतात रोवलेला, पाठ पाटासारखी सपाट, आणि डोकं समोरच्या गार्डच्या छातीच्याही खाली. चेंडू हलला तसा गार्डनं दोन्ही हात पुढे टाकले, पण तिथे आता कोणीच नव्हतं. डॉनल्ड त्याच्या बगलेखालून अर्धा निघून गेला होता आणि गार्ड बिचारा मान वळवून त्याला शोधत होता. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बूड खाली असलेल्या मल्लाला उचलणं किती अवघड ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. उंच माणसाला तिथवर वाकावं लागतं, आणि चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये मांड्या थकल्या की तो वाकायचं सोडून देतो. बुटका मुळातच तिथे असतो.

पण बुटकेपणाची किंमतही तितकीच खरी आहे, आणि ती उंचीपेक्षा हाताच्या लांबीत मोजावी. रांगेतली झटापट म्हणजे कोणाचा तळवा कोणाच्या छातीवर आधी पोचतो याची शर्यत. डॉनल्डचे हात 32 इंच आणि पाच अष्टमांश होते, म्हणजे या जागेसाठी जेमतेम. पिटचाच कॅलायजा कॅन्सी 2023 मध्ये आला तेव्हा त्याचे भरले 30 इंच आणि पाच अष्टमांश. तो 40 यार्ड 4.67 सेकंदांत पळाला, डॉनल्डपेक्षा निसटता जास्त वेगानं, पण दोन इंच आखूड हात म्हणजे पहिला झटका चुकला की गार्डनं धरलंच. याउलट एल्विस ड्युमरव्हिल, बाहेरच्या बाजूनं खेळणारा, उंची 5 फूट 11 इंच. त्याचे हात उंचीच्या मानानं चांगलेच लांब होते. 2005 मध्ये लुइव्हिलकडून 20 सॅक घेऊनही तो चौथ्या फेरीपर्यंत तसाच राहिला, आणि 2009 मध्ये 17 सॅक घेऊन लीगमध्ये पहिला आला. तेव्हा ‘लहान’ हा शब्द ऐकला की आधी विचारा, कुठे लहान? उंचीत असेल तर फार काळजी नको. हातात असेल तर थांबून विचार करा.

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ म्हणत सरसकट निघालेल्यांनी विल सटनचं काय झालं तेही पाहावं. ॲरिझोना स्टेटचा हा टॅकल सहा फुटांचा. 2012 मध्ये 13 सॅक, पॅक-12 या कॉलेजांच्या गटाचा सर्वोत्तम बचावपटू. व्यावसायिक खेळासाठी अंग हवं म्हणून पुढच्या मोसमाआधी त्यानं वजन वाढवलं. पुरस्कार पुन्हा मिळाला, पण सॅक 13 वरून 4 वर आले. कंबाइनला 40 यार्डांना त्याला पाच सेकंदांहून जास्त लागले. डॉनल्डच्याच ड्राफ्टमध्ये शिकागोनं त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि त्याचं नाव फारसं पुढे आलं नाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण त्याच्या अंगातला जो गुण होता तोच आम्हा सगळ्यांच्या ‘थोडा भरला असता तर’ या हट्टापायी गेला. पहिल्या पावलाचा वेग ज्याची पुंजी आहे, त्याला वीस पाउंड खाऊ घालणं म्हणजे पुंजीला हात घालणं.

जॉन रँडलनं या हट्टातून वेगळी वाट काढली होती. 1990 मध्ये त्याला कोणीही ड्राफ्ट केलं नाही. मिनेसोटा व्हायकिंग्जनी सांगितलं, 250 पाउंड भरलास तर बघू. गडी कपड्यांच्या आत साखळदंड गुंडाळून काट्यावर उभा राहिला. कारकिर्दीत 137.5 सॅक, आणि 2010 मध्ये हॉल ऑफ फेम.

आता ती अट. डिफेन्सच्या रांगेत आत दोन कामं असतात. एक, सेंटरसमोर, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूसमोर, उभं राहून दोघांचा भार अंगावर घ्यायचा आणि जागा सोडायची नाही. याला नोज टॅकल म्हणतात. दुसरं, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभं राहून एकच फट पकडायची आणि आत घुसायचं, म्हणजे थ्री टेक्निक. लहान चणीचा माणूस दुसऱ्या कामासाठी जन्मलेला असतो. पहिल्या कामाला जुंपलात तर त्याचा चुराडा होईल. म्हणून त्याला घेण्याआधी शेजारी कोण उभं राहणार ते पाहायचं. सिनसिनाटीत जीनो ॲटकिन्स गाजला तेव्हा शेजारी डोमाटा पेको होता. डॉनल्डच्या शेजारी सुरुवातीला मायकेल ब्रॉकर्स होता. 2018 मध्ये एन्डामुकाँग सूही आला, आणि त्या वर्षी डॉनल्डनं 20.5 सॅक घेतले. कॅन्सीला टँपा बेनं 19 व्या क्रमांकावर घेतलं ते शेजारी 347 पाउंडांचा व्हिटा व्हेआ आधीच उभा होता म्हणून, असंच मला वाटतं.

शेजार गेला की काय होतं ते बफेलोत दिसलं. एड ऑलिव्हर, 287 पाउंड, 2019 मध्ये नववा पिक. ह्यूस्टन विद्यापीठात त्याला बरेचदा सेंटरसमोर उभं केलं जायचं आणि तरीही तो भारी पडायचा, म्हणून व्यावसायिक संघाला वाटावं की हा कुठेही चालेल. 2020 मध्ये करोनामुळे त्याच्या शेजारचा टॅकल स्टार लोटुलेलेई मोसम खेळला नाही, आणि आतला भार ऑलिव्हरवर आला. त्या वर्षी त्याचे सॅक 3. पुढे डाक्वान जोन्ससारखा रुंद माणूस शेजारी आला, आणि 2023 मध्ये त्याच ऑलिव्हरचे सॅक 9.5. सगळं श्रेय शेजाऱ्याला देता येणार नाही, वय आणि अनुभवही वाढला होता. पण तुमच्या संघात नोज टॅकल नसेल, किंवा प्रशिक्षक एका माणसाला दोन फटी सांभाळायला लावणारे असतील, तर हा पिक तुमच्यासाठी नाही. अशा वेळी मोठा माणूस घ्या आणि मनात रुखरुख ठेवू नका.

मोठ्या माणसाचं पारडं हलकं आहे असं मी म्हणत नाही. त्याच्यामागे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीतले खेळाडू, मोकळे राहतात, एक यार्ड हवा असताना समोरचा संघ मधून जायला धजत नाही. क्रिस जोन्ससारखा 6 फूट 6 इंचांचा देह आणि आतून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायची कला दोन्ही एकाच माणसात मिळाली तर हा लेख बाजूला ठेवा आणि नाव पुकारा. पण असे किती असतात? 2024 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या एकाच रांगेतून दोघे आले. टव्हॉन्ड्रे स्वेट, 366 पाउंड, आउटलँड पुरस्काराचा मानकरी. आणि बायरन मर्फी, सहा फुटांच्या जरा वर, 297 पाउंड. सिॲटलनं मर्फीला 16 वा घेतला, स्वेट 38 व्या क्रमांकावर टेनेसीला गेला. क्वार्टरबॅकला घाईत टाकणाऱ्याला आज लीग जास्त मोल देते.

आणि या मोलामुळेच निवडणाऱ्याचं काम अवघड झालं आहे. 2010 मध्ये ॲटकिन्स 120 वा मिळाला. 2015 मध्ये अटलांटाला ग्रेडी जॅरेट पाचव्या फेरीत, 137 वा मिळाला. गंमत पाहा, त्याच अटलांटानं आदल्या वर्षी 6 फूट 6 इंचांचा राशीड हेगमन 37 व्या पिकला घेतला होता, आणि त्याच्याकडून अपेक्षेइतका खेळ आला नाही. सहा फुटी जॅरेटनं मात्र फेब्रुवारी 2017 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला तीनदा पाडून सुपर बोलच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्या काळी बुटका म्हणून सूट मिळायची. डॉनल्डनंतर ती संपली. ऑलिव्हर नववा, मर्फी सोळावा, कॅन्सी एकोणिसावा. आता प्रत्येकाच्या किमतीत डॉनल्डचं नाव मिसळलेलं असतं, आणि पुढचा डॉनल्ड काही दर वर्षी येत नाही. म्हणून माझा हिशोब असा: शेजारी नोज टॅकल आहे आणि पिक पंधराच्या पुढचा आहे, तर डोळे झाकून घ्या. पहिल्या दहात असाल तर हात 32 इंचांच्या वर हवेत आणि पळून येणारा चेंडूवाला अडवण्यातही तो दादा हवा. नुसती क्वार्टरबॅकमागची धाव पुरणार नाही.

ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. जॉर्जिया टेक तेव्हा जवळजवळ सगळा खेळ पळूनच खेळायचा, आणि डॉनल्डनं 2013 मध्ये त्यांच्याविरुद्ध एकाच सामन्यात सहा वेळा चेंडूवाल्याला रेषेमागे पाडलं. 13 फेब्रुवारी 2022 च्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटीविरुद्ध तेच दिसलं. रॅम्स 23-20 नं पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही, सिनसिनाटीला एक यार्ड हवा. तिसऱ्या डाउनवर, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, समाजे पेराइन मधून घुसायला गेला, डॉनल्डनं त्याला जागेवरच धरला. चौथ्या डाउनवर क्वार्टरबॅक जो बरोनं चेंडू हातात घेतला, आणि डॉनल्डनं त्याला गरकन फिरवलं. चेंडू कुठेतरी गवतात पडला. सामना तिथे संपला.

तेव्हा निर्णय घ्यायच्या आधी त्याच्या गाजलेल्या खेळींची चित्रफीत बाजूला ठेवा. मोसमाच्या शेवटी शेवटी, नोव्हेंबरात झालेला एक सामना शोधा, जिथे समोरचा गार्ड सर्वांत वजनदार होता. फक्त चौथा क्वार्टर पाहा. दोघे अंगावर आले त्या प्रत्येक वेळी तो पायावर उभा राहिला की गवतावर पडला, एवढंच मोजा. आणि गार्डच्या तळव्यांकडे लक्ष ठेवा: ते त्याच्या छातीवर टेकतायत, की हवेत चाचपडतायत.