पत्रकारिता अभ्यासक्रमाचे आठ महिने : प्रवेश घेतला स्टुडिओ पाहून, टिकले ती तपासलेल्या कॉपीमुळे

पत्रकारिता आणि माध्यम या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात स्टुडिओतला कॅमेरा तिसऱ्यांदा बंद पडला, आमच्या गटाच्या बातमीपत्राचे चित्रीकरण पुन्हा रद्द झाले आणि हा अनुभव लिहायचे ठरवले. विषयांची यादी माहितीपुस्तिकेत वाचता येते. तिच्यात शिरत नाही.

निवड करताना मी स्टुडिओला भुलले. प्रवेशापूर्वीच्या भेटीत टेलिप्रॉम्प्टर, हिरवा पडदा आणि काचेपलीकडचा ध्वनिकक्ष दाखवण्यात आला होता. प्रत्यक्षात साठ विद्यार्थ्यांमागे दोन कॅमेरे आहेत आणि आठ महिन्यांत माझ्या वाट्याला मोजून चार तास आले. स्टुडिओचे शुल्क मात्र वेगळे आणि आगाऊ घेतले गेले. कॅमेरा बंद होता त्या महिन्यांच्या शुल्काचे काय, या प्रश्नाला दोन लेखी अर्जांनंतरही उत्तर नाही. मोबाइलवर चित्रीकरण आणि संकलन करून आम्ही काम भागवले, ते चांगलेही झाले, आणि म्हणूनच हे शुल्क अधिक खटकते.

पहिल्या सत्राअखेर मी अभ्यासक्रम सोडण्याच्या विचारात होते. तो विचार बदलला वृत्तलेखनाच्या तासामुळे. पूर्वी उपसंपादक असलेल्या आमच्या बाई दर सोमवारी प्रत्येकाची कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, लाल पेनाने तपासून परत देतात आणि बुधवारी ती पुन्हा लिहून मागतात. एका बातमीत मी ‘प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, म्हणजेच १० टक्के वाढ झाली’ असे लिहिले होते. बाईंनी समासात आकडेमोड मांडली : फरक १० टक्केबिंदूंचा, मूळ आकड्याच्या तुलनेत वाढ २५ टक्क्यांची. त्याच कॉपीत ‘सूत्रांनी सांगितले’ या शब्दांखाली रेघ होती आणि शेजारी तीन प्रश्न होते : कोणती सूत्रे, नाव का नको, दुजोरा कुणाचा? काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसे हे सहा ककार मला आधीपासून पाठ होते. पण ‘का’चे उत्तर शेवटच्या परिच्छेदात ठेवले की जागेअभावी तेच आधी कापले जाते, हे माझी बातमी खालून छाटली गेली तेव्हा कळले.

माध्यमविषयक कायद्याचा तास रटाळ असल्याचे मी मैत्रिणींना सांगत असे. तेही मत मागे घेते. ‘चोरास अटक’ हा माझा मथळा ‘चोरीच्या आरोपाखाली एकास अटक’ असा बदलून आला, तेव्हा आरोपी आणि दोषी यांतले अंतर आणि त्यात दडलेला बदनामीचा धोका दोन्ही लक्षात आले.

एक उणीव मोठी आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांचे वृत्तपत्रही निघाले होते. आमचा अंक वर्षातून एकदा निघतो, त्यामुळे इतक्या कष्टाने सुधारलेली कॉपी वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

प्रवेश घेणाऱ्यांनी स्टुडिओ अवश्य पाहावा, पण दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून गेल्या महिन्यात तपासून मिळालेली कॉपी मागून घ्यावी. ती कोरी असेल किंवा तिच्यावर नुसते गुण असतील, तर दुसरे महाविद्यालय पाहावे. शुल्काबाबतचा तिसरा अर्ज मी पुढच्या हप्त्याआधी देणार आहे आणि देण्यापूर्वी तो बाईंकडून तपासून घेणार आहे.