एअर पिस्तुलाच्या मुठीसाठी एपॉक्सी पुट्टी: पाचात चार

इंदूरच्या सियागंज बाजारात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती, पाइपगळतीची दोन भागांची पुट्टी. 10 मीटर अंतरावरून नेमबाजी करणाऱ्यांच्या लाकडी मुठीवर भर द्यायला झकास. आधी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने वार्निश पूर्ण खरवडा, नाहीतर पापुद्रा सुटतो. हातमोजे घालून दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंगाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. रेघ उरली तिथे ती मऊच राहते. लावल्यावर वरून पातळ प्लास्टिक, मग रिकामं पिस्तूल नेहमीसारखं धरा. आवळलात तर आवळलेल्या हाताचा ठसा उमटतो आणि नेम धरताना मूठ सैल लागते. इंदूरच्या मे महिन्यात मात्र उकाड्याने पुट्टी लवकर घट्ट होते, हात भराभर चालवा. घासणं दुसऱ्या दिवशी, मास्क लावून. तळहाताखालचा आधार मुठीशी 90 अंशांपेक्षा कमी कोन होईल इतका आत वळवला तर स्पर्धेच्या तपासणीत मूठ बाद. एक गुण कापला तो वजनापायी, लाकडापेक्षा जडच.