पडलेली पापणी आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या: सोलापुरात उपचार ठरवताना

डोळ्यांभोवतीच्या तक्रारी आरशात सारख्याच दिसल्या तरी त्यांची मुळे निराळी असतात, आणि शस्त्रक्रिया करावी की इंजेक्शन घ्यावे हे त्या मुळावरच ठरते. पापणी उचलणारा स्नायू सैल पडला असेल तर पापणीची कडाच बुबुळावर उतरते; कातडी वाढली असेल तर कडा जागेवर राहते आणि तिच्यावर घडी लोंबते. कित्येकदा खाली आलेली असते भुवई आणि दोष मात्र पापणीला दिला जातो. पापणी अचानक पडली असेल, त्यासोबत एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा डोके तीव्र दुखत असेल, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळी बरी असलेली पापणी संध्याकाळी उतरत असल्यास मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, तपासणी आधी करावी.

स्नायू सैल झाला असेल तर खरा उपाय तो आखडून पुन्हा बसवण्याचा. प्रौढांमध्ये हे बहुधा स्थानिक भुलीखाली करतात, कारण रुग्णाला डोळे उघडायला लावून पापणीची उंची टेबलावरच जुळवता येते. तरीही दोन्ही डोळे तंतोतंत सारखे होण्याची हमी कोणी देऊ नये. वाढलेल्या कातडीसाठी ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे पापणीची जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, आहे. तिचा व्रण पापणीच्या घडीत लपतो, सूज आणि काळेनिळेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो आणि परिणाम अनेक वर्षे टिकतो. मात्र कातडी जास्त काढली गेली तर डोळा नीट मिटत नाही, आणि सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात ते फार जाचक ठरते. डोळ्यांचा कोरडेपणा किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास सर्जनला आधीच सांगावे.

हसताना कोपऱ्यात उमटणाऱ्या रेषांवर बोटॉक्स, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणारे इंजेक्शन, उत्तम चालते, पण परिणाम तीन-चार महिनेच टिकतो, म्हणजे खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. लोंबणारी कातडी त्याने उचलली जात नाही. उलट, कपाळावर इंजेक्शन चुकल्यास जड पापणी काही काळ आणखी उतरते. लग्नाआधी घ्यायचेच असेल तर किमान पंधरा दिवस हाती ठेवावेत. डोळ्यांखालच्या खळगीतील फिलर, म्हणजे खळगी भरून काढणारे इंजेक्शन, मला यांत सर्वांत जोखमीचा वाटतो: तो रक्तवाहिनीत गेल्यास, क्वचित का होईना, दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये तो कदापि घेऊ नये.

न हसताही दिसणाऱ्या बारीक सुरकुत्यांसाठी लेझर आहे, परंतु आपल्या सावळ्या त्वचेवर त्यानंतर काळे डाग पडण्याचा धोका राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात ते हिवाळ्यात केलेले बरे. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या वर्गातील) क्रीमला काही महिने लागतात आणि गुण बेताचाच येतो. गॉगल आणि सनस्क्रीन सर्वांनीच वापरावे.

निदानासाठी प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जावे, जमल्यास पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याकडेच, आणि दहा वर्षांपूर्वीचे फोटो सोबत न्यावेत. केवळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्य विम्यात सहसा बसत नाही; नजर अडत असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करून अहवाल विमा कंपनीला दाखवावा.