‘सॉर्सरी अँड सेसिलिया’: वाङ्निश्चय आणि जादूटोणा

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेली ‘सॉर्सरी अँड सेसिलिया’ ही पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलिन स्टीवरमर यांची १९८८ सालची कादंबरी मी दोन दिवसांत वाचून संपवली आणि लगेच पुन्हा पहिल्या पत्रापासून वाचायला घेतली. इंग्लंडच्या राजाच्या आजारपणामुळे युवराजाने १८११ ते १८२० या काळात कारभार पाहिला, त्या ‘रीजन्सी’ काळातील नृत्यसमारंभ आणि लग्नाच्या वाटाघाटी येथे आहेतच. मात्र या इंग्लंडमध्ये जादू ही शिकण्याची विद्या आहे आणि जादूगारांचे रॉयल कॉलेजही आहे.

केट आणि सेसिलिया या कझिन बहिणींपैकी एक लग्नाच्या हंगामासाठी लंडनला गेलेली, तर दुसरी गावीच राहिलेली. त्यांनी एकमेकींना लिहिलेल्या पत्रांतूनच कथा उलगडते. लेखिकांनीही कथानक परस्परांना आधी न सांगता खेळ म्हणून ही पत्रे लिहिली होती, आणि पुढच्या पत्रात काय येईल याची खरीखुरी उत्सुकता पानोपानी जाणवते.

या मिश्रणात बहुतेक लेखक एक तर जादूला सजावट करून ठेवतात किंवा प्रेमकथेला विसरतात. येथे तसे होत नाही, कारण दोन्हींना एकाच शिष्टाचाराचे बंधन आहे. थॉमस या जादूगाराची शक्ती चॉकलेटचे पेय ओतायच्या एका निळ्या किटलीत गुंतलेली आहे, म्हणजे संकट येते तेही पाहुणचाराच्या वस्तूतून. आणि दिलेला पेला नाकारणे हा उद्धटपणा ठरत असल्यामुळे केटची होणारी कोंडी आपल्याकडे आग्रहाचा चहा प्यायलेल्या कोणालाही चटकन समजेल. केट आणि थॉमस यांचा खोटा वाङ्निश्चय तर मला सर्वांत आवडला: तो मोडला तर बोल मुलीलाच लागणार, ही भीती कोणत्याही मंत्राइतकीच खरी वाटते.

दोन्ही बहिणींचा आवाज मात्र बऱ्याचदा सारखाच वाटतो आणि पत्राखालची सही पाहावी लागते. खलनायक ओळखायलाही फारसा वेळ लागत नाही.

मला खरी खंत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कथेचे साल १८१७ आहे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. हलक्याफुलक्या कथेने युद्धाचा इतिहास सांगावा अशी माझी अपेक्षा नाही, परंतु त्या दिवाणखान्यांतील सुबत्तेमागे दूरच्या मुलखांतून येणारा पैसाही होता, याची एखाद्या ओळीत चाहूल लागली असती तर ते जग अधिक भरीव झाले असते.

भाषा जुन्या वळणाची असली तरी अवघड नाही. महाविद्यालयीन वाचकाला शब्दकोश क्वचितच लागेल. नात्यागोत्यांची नावे पहिल्या पन्नास पानांत गोंधळात टाकतात, तेव्हा ती कागदावर मांडून ठेवावीत. मी तसेच केले आणि तो कागद अजून पुस्तकातच आहे.