चौथऱ्यावरचा हक्क आणि पोथीतला हक्क

बायकांना धर्मात बरोबरीची जागा द्यायची कुणी, कोर्टाने की धर्माने?

कोर्टाचा रस्ता शनी शिंगणापूरने दाखवला. तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मनाई होती. १९५६चा मंदिरप्रवेशाचा कायदा कागदावर होताच. एप्रिल २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची आठवण करून दिली आणि त्याच गुढीपाडव्याला त्या चौथऱ्यावर बायका चढल्या. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायकांना प्रवेश देण्याचा निकाल लागला. काम झटपट झालं, पण विश्वस्तांनी दार उघडलं ते नाइलाजाने. मनं बदलली का, हे कोर्ट विचारत नाही; विचारूही नये.

दुसरा रस्ता पुण्याचा. १९७०च्या दशकात तिथे स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात झाली, पुढे ज्ञानप्रबोधिनी या संस्थेनेही वर्ग घेतले. आज लग्न, वास्तुशांत, अंत्यसंस्कारसुद्धा बाई सांगते आणि यजमान तिला वाकून नमस्कार करतो. (दक्षिणाही देतो, हे महत्त्वाचं!) इथे कुणावर सक्ती नव्हती. पण वेग बघा: पन्नास वर्षं होत आली, तरी बहुतेक गावांत गुरुजी म्हटलं की पुरुषच.

मला पुण्याची वाट जास्त खोल वाटते. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईला आणखी पन्नास वर्षं थांबा म्हणायची माझी हिंमत नाही.